तीन कोटेशन्स आणि एक दिवाण

तीन कोटेशन्स घेतल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. अपवाद एकच, बायको. तिच्या बाबतीत पहिल्याच भेटीत हो म्हणून मोकळा झालो, आणि खरेदी अधिकाऱ्याला न शोभणारा तो निर्णय सुदैवानं कुठल्याही ऑडिटमध्ये सापडला नाही. बाकी सगळं रीतसर. ऑफिसात मी टाचण्यांपासून जनरेटरपर्यंत सगळं खरेदी केलं, पण तीन बंद पाकिटं समोर आल्याशिवाय पेनाचं टोपण काढलं नाही. निवृत्त झालो आणि ही सवय माझ्याबरोबर घरी आली. कुकरची शिट्टी आणायची तरी मी तीन दुकानं फिरतो. बायको म्हणते, "फिरा सावकाश. तोवर मी पातेल्यात शिजवते."

त्यामुळे डॉक्टरांनी जेव्हा रिपोर्ट टेबलावर ठेवला, चष्मा काढला, घसा साफ केला आणि सांगितलं की प्रोस्टेटमध्ये कॅन्सर आहे, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "पर्याय किती?"

"तीन," डॉक्टर म्हणाले.

खोटं कशाला सांगू, मला एकदम धीर आला. बायकोनं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला होता आणि तिची बोटं गार पडली होती. पण तीन म्हटल्यावर मी माझ्या मुलखात होतो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. एक, ऑपरेशन करून ती ग्रंथीच काढून टाकायची. दोन, रेडिएशन, म्हणजे काही आठवडे रोज मशीनखाली झोपायचं आणि जोडीला हार्मोनची इंजेक्शनं. तीन, सध्या काहीच करायचं नाही, फक्त ठरावीक काळानं तपासत राहायचं. "तिसऱ्याला मी फारसा राजी नाही, पण नाहीही म्हणणार नाही. आजार हळू चालणारा आहे. घाई नको, नीट विचार करा."

नीट विचार करा, असं खरेदी अधिकाऱ्याला कधी सांगू नये.

दुसऱ्याच दिवशी मी सर्जनपुढे जाऊन बसलो. त्यांनी कामाची पद्धत सांगितली. मी विचारलं, कामाची हमी किती वर्षांची? ते म्हणाले, हमी अशी नसते. मी विचारलं, मग काम झाल्यावर गळती वगैरे लागली तर दुरुस्ती कोणाकडे? सर्जननी पेन खाली ठेवलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "हे नेहमी असेच असतात का?"

"आज त्या मानानं बरे आहेत," ती म्हणाली.

रेडिएशनच्या डॉक्टर म्हणजे आमच्या सुनेच्या वयाची मुलगी. तिनं कागदावर आकृती काढून सगळं सांगितलं, आणि तेही न लाजता. लाजायचं काम आमच्याकडे होतं. "इंजेक्शनं चालू असताना अंगातून गरम वाफा येतील, थकवा येईल, आणि काका, इच्छा कमी होईल. काही काळ अजिबात राहणार नाही."

"कसली इच्छा?" मी म्हटलं.

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"जेवणाची का?" मी विचारलं.

"नाही. जेवणाची वाढेल."

आता इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती सांगितली नाही तर पुढचं सगळं नुसती खरेदीची हकिकत वाटेल. मुलगा नोकरीसाठी दूर गेला, घरात आम्ही दोघंच उरलो, आणि तेव्हापासून दर रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आमच्या झोपायच्या खोलीला आतून कडी लागायची. एवढंच सांगतो. कडी जुनी आहे, लावताना कर्र करून ओरडते, आणि आमच्या इमारतीच्या भिंती अशा आहेत की वरच्या मजल्यावर कुणी पेपराचं पान उलटलं तरी खाली समजतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी शिवणाच्या मशीनचं तेल त्या कडीत गुपचूप सोडायचो. बायको ते पाहायची आणि पाहिलं नाही असं दाखवायची. शनिवारपासूनच मला बरं वाटायला लागायचं. या वयात माणसाला आणखी काय हवं असतं?

तर मी तुलनात्मक तक्ता केला. लागणारा वेळ, त्रास, येणं-जाणं, नंतरची देखभाल, असे रकाने पाडले. ज्या एका गोष्टीनं माझी झोप उडाली होती, तिचा रकाना पाडायला मात्र हात धजेना. शीर्षक काय देणार?

एव्हाना ही बातमी सल्लागारांपर्यंत गेली होती. सल्लागार म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारे शेजारी. त्यांना हे नाव इमारतीनं दिलं आहे आणि ते त्यांना पदवीसारखं वाटतं. ते आले ते भोपळ्याच्या बियांची पुडी घेऊनच.

"साहेब, काही करू नका. रोज मूठभर बिया, आणि सकाळी गच्चीवर उलटं चालायचं. माझ्या साडूला झालं होतं, आज ठणठणीत आहे."

"साडूंना प्रोस्टेटचं झालं होतं?"

"नाही, मूळव्याध. पण जागा जवळचीच."

मी उलटं चाललो नाही. पण खरेदीचा एक नियम असतो. माल घेण्याआधी तो वापरणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना भेटावं. मी इस्पितळाच्या खिडकीवर गेलो आणि तिन्ही प्रकारांचा एकेक जुना पेशंट मागितला. खिडकीतली बाई म्हणाली, अशी माहिती देत नाही, चौकशीत विचारा. चौकशीतले गृहस्थ म्हणाले, रेकॉर्डमध्ये विचारा. रेकॉर्डमध्ये जेवणाची सुट्टी होती. सुट्टी संपल्यावर रेकॉर्डमधल्या माणसानं सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काका, तुमचा कशाचा कॅन्सर?" मी मान खाली घालून बाहेर पडलो. सल्लागारांनी मात्र तसे तीन पुरुष एकाच संध्याकाळी शोधून काढले. त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

बायको म्हणाली, मीही येणार.

पहिले ऑपरेशनवाले, एक निवृत्त मुख्याध्यापक. दारातच त्यांनी विनंती केली, "कृपा करून विनोद करू नका. हसलो की पंचाईत होते." एवढं सोडलं तर त्यांचं सगळं उत्तम होतं. मी जे जे विचारलं त्याला "फर्स्ट क्लास!" एवढंच उत्तर आलं, आणि प्रत्येक उत्तरानंतर ते न्हाणीघराच्या दाराकडे एकदा बघून घेत. मी ज्यावर बसलो होतो तो दिवाण मजबूत होता. स्वच्छ चादर, उशाशी पाण्याची बाटली आणि चष्म्याची डबी. मी गादीची जाडी बोटांनी तपासली. ती सवयच आहे. बायको त्यांच्या बायकोबरोबर चहाच्या निमित्तानं आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. जिना उतरताना तिनं माझं कोपर धरलं.

दुसरे रेडिएशनवाले, फोटो स्टुडिओ चालवणारे. बाहेरच्या खोलीत पंखा असा गरगरत होता की कॅलेंडरची पानं फडफडत होती, आणि त्या वाऱ्यातही ते रुमालानं मान पुसत होते. समोर टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, त्यात एक लहान मुलगी आजोबांना टॉवेल देते. फोटोग्राफरांचे डोळे भरून आले. "हे इंजेक्शनामुळे," ते म्हणाले, "बाकी काही नाही. सगळं परत येतं, साहेब. सगळं." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, पण मी ते वाक्य मनात जपून ठेवलं. त्यांच्याही पंख्याखाली एक दिवाण होता आणि उशीला डोक्याचा खळगा पडलेला होता. बायको याही वेळी आतून उशिरा आली, आणि याही वेळी तिनं जिन्यात माझं कोपर धरलं.

तिसरे ग्रंथपाल. त्यांनी काहीच उपचार घेतला नव्हता, नुसते तपासत होते. मी समजलो होतो, हा सगळ्यांत सुखी माणूस असणार. पण पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि ती पार पडली की पुढची जवळ यायला लागायची. "झोप लागत नाही हो. हिची झोपमोड नको म्हणून मी आपला इथे बाहेर." इथे म्हणजे सागवानी दिवाणावर. पायाशी पांघरुणाची घडी अशी होती की शिक्का मारून घ्यावी. तीन घरांत तीन दिवाण, आणि माझ्या डोक्यात विचार आला तो हा की व्यवस्था सोयीची आहे.

परत येताना मी बायकोला विचारलं, "तुझं काय मत?"

"ठरवा तुम्ही. मी बरोबर आहे."

मी दुसरा पर्याय घेतला. तक्त्यातल्या बेरजा मी सगळ्यांना दाखवल्या, पण खरं कारण बेरजेत नव्हतं. सगळं परत येतं, असं फक्त फोटोग्राफरच म्हणाले होते.

रेडिएशनची एक गंमत कुणी आधी सांगत नाही. मशीनखाली जाताना मूत्राशय भरलेलं लागतं. त्यामुळे तळघरातल्या त्या लांब बाकावर आम्ही सगळे प्रतिष्ठित पुरुष, एक वकील, एक ट्रकचालक, एक दाताचे डॉक्टर, हातात बाटल्या घेऊन घोट घोट पाणी पीत बसायचो, आणि मग पाय जुळवून, भिंतीकडे बघत, कुणाशी न बोलता थांबायचो. अशा वेळी आतून निरोप यायचा, "मशीन जरा बंद पडलंय, पाच मिनिटं." त्या पाच मिनिटांत मी भल्याभल्यांचं पाणी जोखलं. वकीलसाहेब छताकडे बघून पुटपुटायचे. ट्रकचालक मात्र दगडासारखा बसायचा. हायवेवरचा अनुभव, असं म्हणाला. पहिल्याच दिवशी तंत्रज्ञ मुलीनं माझ्या पोटावरून यंत्र फिरवलं आणि जाहीर केलं, "काका, अजून भरलं नाही. बाहेर बसा." संपूर्ण बाकासमोर नापास होऊन मी परत आलो. बायकोनं बाटलीचं झाकण उघडून दिलं.

हे सगळं मी हसत निभावलं. वाफा आल्या, त्याही निभावल्या. मी पंखा पाचवर करून बनियनवर बसायचो आणि बायको समोर शाल पांघरून भाजी निवडायची. पाळी जाताना तिलाही अशाच वाफा यायच्या, तेव्हा पंख्याचं बटण कुणाच्या ताब्यात होतं याची आठवण ती अधूनमधून करून द्यायची, पण प्रेमानं.

जे निभलं नाही ते वेगळंच होतं. एका शनिवारी संध्याकाळी मी शिवणाच्या मशीनच्या तेलाची बाटली हातात घेतली आणि कशासाठी घेतली तेच आठवेना. म्हणजे आठवलं, पण ते एखाद्या दुसऱ्या माणसाचं काम असल्यासारखं. बायको आरशासमोर केस विंचरत होती. ती हात वर करते तेव्हा मानेमागे एक खळी पडते. ती खळी पाहून इतकी वर्षं माझ्या पोटात जे व्हायचं, ते झालं नाही. खळी तिथेच होती, मीही तिथेच होतो, पण मधे काही नव्हतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, नुसतं शांत होतं. आणि त्या शांततेत मला इतकं रडू आलं की मी साबणाची जाहिरात लागली आहे का ते बघायला टीव्हीकडे वळलो.

मला काही मिळत नव्हतं याचं दुःख नव्हतं. मला काही हवंसं वाटत नव्हतं, आणि ते वाटावं असं मला फार फार वाटत होतं. हे कुणाला सांगणार? सल्लागारांना सांगितलं असतं तर त्यांनी बिया वाढवल्या असत्या.

मग मी एक उपाय काढला. रात्री मी चारदा उठतो, पंख्यानं हिला सर्दी होते, ही कारणं पुढे केली, आणि बाहेरच्या खोलीसाठी दिवाण घ्यायचं ठरवलं. तीन सुतारांकडून कोटेशन्स घेतली. बायको एका शब्दानं बोलली नाही, यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

दिवाण आला आणि जिन्याच्या वळणावर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. इमारतीतले सगळे कामधंदे सोडून कठड्याला टेकले. सल्लागार वरून हुकूम सोडत होते, "थोडा डावीकडे! आता आडवा! आडवा म्हणजे उभा!" तळमजल्यावरच्या आजी अडकलेल्या दिवाणापलीकडे दूध घेऊन उभ्या होत्या आणि मला उद्देशून बरंच काही म्हणत होत्या. शेवटी पाय काढून, दोर बांधून, तो आमच्या गॅलरीतून वर ओढला. तो हवेत लोंबकळत असताना समोरच्या बाईंनी विचारलं, "वहिनी, एवढा मोठा दिवाण! कोण पाहुणे येणार आहेत?"

"आमचे हेच," बायको म्हणाली आणि आत गेली.

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले, आणि ते इंजेक्शनामुळे नव्हतं.

त्यानंतर माझा मुक्काम बाहेर. रविवारची दुपार तर मोकळीच झाली होती, म्हणून सल्लागार येऊन बसायला लागले. दिवाणाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. ते पाठदुखीवर बोलायचे आणि मी आतल्या दाराकडे बघायचो. दार उघडंच असायचं. आत बायको पाठ करून पडलेली असायची. ती झोपलेली नाही हे मला तिच्या खांद्यावरून समजायचं. उठून दहा पावलं जावं असं वाटायचं. मग वाटायचं, जाऊन करणार काय? रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये, तसं काहीतरी. ओट्यापाशी तिच्या बाजूनं जायचं झालं तरी मी अंग चोरून जायला लागलो होतो. तिला अपेक्षा वाटू नये, आणि मग तिचा हिरमोड होऊ नये, असा माझा उदात्त विचार होता.

एका रविवारी सल्लागारांनी पाठीचा मणका नुकता सुरू केला होता, तेवढ्यात बायको दारात येऊन उभी राहिली.

"भावोजी, तुम्ही आता वर जा."

"का हो वहिनी, काही काम—"

"हो. आमची झोपायची वेळ झाली."

सल्लागारांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सल्ला दिला होता. ते चप्पल उलटी घालून गेले.

बायको दिवाणावर माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बाहेर मुख्याध्यापकांना देखभालीचं विचारत होता ना? तेव्हा आत त्यांची बायको ओट्याला टेकून रडत होती."

"एवढा त्रास आहे त्यांना?"

"त्रासाचं नाही हो. ते सगळं चालतं म्हणाली. माणूस राहिला, बाकीचं गेलं तर गेलं. पण ते बाहेरच्या खोलीत झोपायला गेले ते परत आलेच नाहीत. आता भाजीची पिशवी हातात देतानासुद्धा हाताला हात लागू देत नाहीत."

"आणि फोटोग्राफरांची बायको?"

"तेच म्हणाली."

"पण ग्रंथपालांना तर काही उपचारच—"

"तीही तेच म्हणाली."

तिन्ही कोटेशन्स तंतोतंत सारखी आली की खरेदी अधिकाऱ्याला वास येतो. 'आपसात ठरवून भरलेली' असा शेरा मारून मी कितीतरी फायली परत पाठवल्या आहेत. पण या तिघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमच्या तक्त्यात तो रकाना नव्हता." ती दिवाणाच्या चादरीवरची सुरकुती सरळ करत राहिली. "आणि मला वाटलं, आमचे हे तसे नाहीत. मग तुम्ही हा आणलात."

मी खाली बघून म्हणालो, "अगं, पण मी आत येऊन करू काय? मला काही होतच नाही. तुला बघतो आणि काही होत नाही. परत येईल म्हणतात, पण 'बहुधा' म्हणतात. नाहीच आलं तर?"

हे बोललो आणि डोळे भरून आले. इतके दिवस हे वाक्य मी बिया चावत गिळत होतो.

"मी काही मागितलंय का?" ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, आणि तिला तर कुणी इंजेक्शन दिलं नव्हतं. "मला तुम्ही शेजारी हवे आहात. घोरत असलात तरी. घामानं ओले असलात तरी. पंखा ठेवा पाचवर, मी शाल घेते. पण इथे बसून नका राहू हो माझी वाट बघत. आत या."

मी तिची वाट बघत होतो, हे मलाच माहीत नव्हतं.

मी उठलो. आत गेलो. ती भिंतीकडे सरकली आणि माझी जागा रिकामी केली. मी आडवा होणार, तेवढ्यात ती म्हणाली, "कडी?"

"कशाला आता? आता कुठे काही..."

"लावा."

मी गेलो आणि कडी ओढली. इतक्या महिन्यांत तिला तेलाचा थेंब मिळाला नव्हता. ती अशी ओरडली की वरच्या मजल्यावर सल्लागारांची येरझार एकदम थांबली. बायकोनं शालीत तोंड खुपसलं आणि ती हसत राहिली. मग मी शेजारी पडलो. तिनं माझ्या घामेजल्या छातीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. मला काही झालं नाही. फक्त तो हात तिथे असावा, असं वाटलं. मग त्याचं वजन थोडं जास्त असावं, असं वाटलं. हवंसं वाटणं म्हणतात ते बहुतेक असंच सुरू होत असावं, किंवा नसेलही. त्या दुपारी मी त्याची चौकशी केली नाही.

दिवाण आता सल्लागारांच्या घरी आहे. त्यांची पाठ दुखते.

आणि त्या कडीला मी अजिबात तेल घालत नाही.